फोन त्याच्या आईकडे येतो, मला उरतात दोन मिनिटं

ताई, मी 22 वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात राहते. बी.कॉम. झालंय, बँकेच्या परीक्षांची तयारी करते. आमच्या दोघांच्या घरच्यांची लग्नाची बोलणी झाली आहेत. तो अग्निवीर म्हणून भरती झाला आणि दीडेक महिन्यापूर्वी बेळगावला मराठा सेंटरला (मराठा रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात) हजर झाला. तेव्हापासून फोन फक्त रविवारी, तोही त्याच्या आईच्या मोबाईलवर. घरातल्या सगळ्यांचं बोलून झालं की त्या मला जोडून घेतात. दोन मिनिटं मिळतात, कधी तीही नाही. मागचे दोन रविवार तो नुसतं ‘हो’, ‘नाही’, ‘बरंय’ एवढंच बोलला. परवाच्या रविवारी तर फोनच आला नाही. रात्री झोप लागत नाही. त्याचं ‘लास्ट सीन’ बघत बसते, ते तो हजर झाला त्या दिवसाचंच आहे. यूट्यूबवर ट्रेनिंगचे व्हिडिओ बघते आणि रडते. मैत्रिणी म्हणतात, फौजेत गेली की पोरं बदलतात. पप्पा म्हणतात, चार वर्षं लग्न करता येणार नाही, तोवर थांबायचं कशाला, चांगली स्थळं येतायत. एकदा बेळगावला जाऊन गेटवर तरी भेटून यावं असं वाटतं. अभ्यास बंद पडलाय. मी काय करू?
— नाव छापू नका

आधी त्या ‘हो’, ‘नाही’, ‘बरंय’कडे बघू. तुझ्या पत्रातला निम्मा त्रास तिथून सुरू झालाय.

तो फोनवर असतो तेव्हा एकटा नसतो. मागे रांग असते, प्रत्येकाला घरी बोलायचं असतं, वेळ मोजून मिळालेला असतो आणि जवळपास कुठेतरी उस्ताद उभे असतात. (उस्ताद म्हणजे त्यांना शिकवणारे नाईक किंवा हवालदार. रंगरुटाच्या, म्हणजे नव्याने भरती झालेल्या मुलाच्या जगात सध्या देवाच्या खालोखाल तेच.) अशा गर्दीत एकविशीतला मुलगा ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असं म्हणेल ही अपेक्षाच सोड. चुकून म्हणालाच, तर पुढचा आठवडाभर बराकीतली पोरं त्याला त्याच वाक्यावरून पिडतील. शिवाय तुझ्यापर्यंत फोन येतो तोवर त्याने ‘जेवलास का, झोप होते का, पाय दुखतात का’ या सगळ्याची उत्तरं तीन-चार जणांना देऊन झालेली असतात. तुझ्या वाट्याला येतो तो संपत आलेला माणूस.

तो किती दमलेला असतो हे व्हिडिओवरून कळत नाही, कारण व्हिडिओला मागे संगीत लावलेलं असतं. खऱ्या दिवसाला ते नसतं. उजाडायच्या आधी उठायचं, दाढी घोटायची, खाट-बिस्तरा एका रेषेत लावायचा, पीटी, ड्रिल, हत्याराचे वर्ग, पुन्हा मैदान, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल, आणि हे सगळं आटोपलं की उद्याचे बूट चमकवत बसायचं. एकाने चूक केली की रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, सगळ्या प्लाटूनला, त्याच्या अख्ख्या तुकडीला. ओरडून ओरडून घसा बसतो. पायाला फोड येतात, नडग्या ठणकतात. नव्या रंगरुटांमध्ये नडगीचं दुखणं इतकं सर्रास आहे की जगभरातल्या सैन्यांचे डॉक्टर त्याच्यावर डोकं लढवत असतात. आणि दिवसभर तोंडातून निघणारी वाक्यं दोन-तीन शब्दांची: ‘जी सर’, ‘जी उस्ताद’. रविवारी फोन हातात आला म्हणून जीभ लगेच मोकळी होत नाही.

यातलं बरंचसं मुद्दाम केलेलं असतं, हे तुला माहीत असलेलं बरं. पहिल्या आठवड्यांत नव्या मुलाला घरापासून तोडणं ही बहुतेक सैन्यांची जुनी पद्धत आहे. वेगवेगळ्या गावांतून आलेल्या, एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या पोरांनी पुढे एकमेकांच्या भरवशावर जगायचं असतं. म्हणून प्रत्येकाचा बाहेरचा आधार काही काळ काढून घेतात. त्या आधारात आई येते, मोबाईल येतो, तूही येतेस. त्याने तुला लांब ठेवलेलं नाही. ज्यांनी ठेवलंय, त्यांना तुझं नावसुद्धा माहीत नाही.

फोन आला नाही त्या रविवारचंही तसंच. फायरिंग असेल, रात्रीचं चालणं असेल, गार्ड लागली असेल, साफसफाईचं काम निघालं असेल, कुणाच्या तरी एकाच्या चुकीपायी सगळ्यांचे फोन बंद केले असतील. प्रत्येक सेंटरचा, कधीकधी प्रत्येक कंपनीचा फोनचा नियम वेगळा असतो आणि तो कधीही बदलतो. असे रविवार अजून येतील, हे आत्ताच धरून चाल. आणि एक गोष्ट घट्ट लक्षात ठेव: काही गंभीर झालं तर सैन्य गप्प बसत नाही. आजारी पडला तर एमआय रूम (सेंटरमधला दवाखाना), तिथून गरज पडली तर मिलिटरी हॉस्पिटल, आणि मोठं काही असेल तर कागदावर ज्यांची नोंद आहे त्यांना कळवलं जातं. ही नोंद त्याच्या आईवडिलांची आहे, तुझी नाही. ऐकायला कडू आहे, पण सैन्याच्या दफ्तरात आज तू कुणीच नाहीस.

म्हणूनच मला तुझ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची व्यक्ती वाटली ती त्याची आई. तुला ती फोन अडवून बसलेली बाई वाटतेय. ‘सगळ्यांचं बोलून झालं की’ हे तू ज्या चालीवर लिहिलंयस त्यावरून मला तसं वाटलं. चुकत असेन तर सोडून दे. पण बघ, तिने मूल पाठवलंय. तिलाही ‘बरंय’ एवढंच ऐकू येतं. आणि तरी ती दर रविवारी आठवणीने तुला जोडून घेते. लग्न व्हायचंय, घरात सून म्हणून पाऊल पडायचंय, तरीही. सगळ्याच आया हे करत नाहीत.

तिच्याशी शनिवारी संध्याकाळी बोलत जा. रविवारी फोनच्या वेळी नको, तेव्हा तिचं लक्ष कुठेच नसतं. शनिवारी. काही विशेष नसलं तरी चालेल, तिची तब्येत विचार, शेतीचं विचार, आणि मग सरळ सांग, ‘आई, उद्या त्याचा फोन आला की मला सुरुवातीलाच जोडाल का? मी मध्ये बोलणार नाही, नुसतं ऐकेन. शेवटी मला एक मिनिट दिलंत तरी पुरे.’ बहुतेक ती हो म्हणेल. म्हणाली तर तुला दोन मिनिटांऐवजी त्याचा आवाज सगळा वेळ ऐकायला मिळेल, आणि तो आईशी काय बोलतो, वडिलांना काय सांगतो, भावाला कशावरून हसतो, हे कानावर पडेल. ‘तुझी आठवण येते’ या वाक्यापेक्षा त्यातून तो जास्त कळतो, असं माझं मत आहे. नाही म्हणाली, तर विषय सोडून द्यायचा, गाल फुगवायचे नाहीत. आईला मुलाशी एकटीने बोलावंसं वाटलं तर तो तिचा हक्कच आहे.

तुझ्या वाट्याच्या मिनिटात काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून ठेव. हसू नकोस, फौजींच्या बायका हे वर्षानुवर्षं करत आल्यात. एक बातमी, एक प्रश्न, बस. बातमी चांगली किंवा निदान मजेची. आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देताच येणार नाही: बाजूच्या खाटेवर कोण आहे, कुठल्या गावचा, सगळ्यांत जास्त शिव्या कोण खातं, लंगरमध्ये काय आवडलं. असं विचारलंस तर तो बोलेल, कारण मागच्या रांगेतल्या पोरांसमोरही ते बोलता येतं. ‘माझी आठवण येते का’ हा प्रश्न मात्र त्या फोनवर नको. त्याचं उत्तर तो रांगेसमोर देऊ शकत नाही, आणि दिलं नाही की तुझा आठवडा वाया. रडू आलं तर येऊ दे, त्यात चोरून ठेवण्यासारखं काही नाही. पण वडिलांनी काय म्हटलं, कुठलं स्थळ आलं, हे त्या फोनवर काढायचं नाही. तो बराकीत बसून त्यावर काय करणार आहे? तो फक्त रात्रभर जागा राहील आणि पहाटे पीटीला उभा राहील.

मग मनातलं सांगायचं कुठे? पत्रात.

माझे यजमान फौजेतून निवृत्त झाले. आमच्या वेळी पत्राशिवाय दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे माझा पत्रांकडे जरा जास्तच ओढा असेल. तेवढं वजा करून वाच. पण आज ज्या जागी मोबाईल काढून घेतात त्या जागी कागद पुन्हा किमती होतो, हे खरं आहे. फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. पत्र तो खिशात ठेवतो, दिवे बंद व्हायच्या आधी काढतो, पुन्हा वाचतो. उत्तर लगेच द्यावं लागत नाही, आजूबाजूला कुणी ऐकत नसतं. त्याच्या आईकडून पूर्ण पत्ता घे: त्याचा सैन्यातला नंबर, नाव, कंपनी, प्लाटून, सेंटर. नंबर आणि कंपनी नसली तर एवढ्या पोरांत पत्र हिंडत राहतं. पत्रांवर क्रमांक घाल, पहिलं, दुसरं, तिसरं, कारण ती मागेपुढे पोचतात आणि तिसऱ्यातला राग आधी वाचला गेला तर दुसऱ्यातल्या समजुतीला अर्थ उरत नाही. पत्र कुणाच्या तरी समोर फोडावं लागू शकतं, हातातून हिसकावून मोठ्याने वाचलंही जाऊ शकतं, एवढं धरूनच लिही. प्रेमाचं लिहू नकोस असं मी म्हणत नाही. चारचौघांत वाचलं गेलं तर त्याला मान खाली घालावी लागेल असं एखादं वाक्य असेल, तर ते सुट्टीतल्या भेटीसाठी राखून ठेव. बाकी रोजचं लिही. एसटीत कोण भेटलं, कुठला पेपर अवघड गेला, पाऊस कसा झाला. घरापासून तुटलेल्या माणसाला सर्वांत जास्त भूक असते ती असल्या बारीकसारीक गोष्टींची.

त्याचं उत्तर येईलच असं नाही. चार ओळींचं येईल, वाईट अक्षरात येईल. अनेक मुलांनी शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलंच नसतं. तरी तू लिहीत राहा. (पुढे पलटणीत गेल्यावर पत्त्यात कधी गावच नसतं, नुसतं 56 एपीओ किंवा 99 एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय) असतं आणि पत्र बरोबर पोचतं. तेव्हाही सवय कामी येईल.)

आता ‘लास्ट सीन’ आणि यूट्यूब. याबद्दल मी कडक बोलणार आहे. ज्याचा फोन जमा करून कुलपात ठेवलाय त्याचं ‘लास्ट सीन’ बदलणार नाही, हे तुला माहीत आहे, तरी तू बघतेस. ते बघणं हे त्याच्याजवळ असणं नव्हे. त्याचा संवाद आर्काईव्हमध्ये टाक. पुसू नकोस, फक्त उघडल्याबरोबर समोर दिसणार नाही एवढं कर. आणि ट्रेनिंगचे व्हिडिओ रात्री बंद. त्यातले निम्मे जुने, निम्मे भलत्याच दलांचे, कित्येक तर कमांडोंचे असतात; ते बघून तू त्याच्यावर न आलेल्या संकटांसाठी रडतेस. झोपायच्या खोलीत फोन न नेणं हा जुनाच उपाय आहे, पण चालतो.

त्याच फोनवरून आणखी काही गोष्टी करायच्या नाहीत. त्याचा वर्दीतला फोटो, कंपनी-प्लाटूनचं नाव, तो कधी कुठे जाणार याची तारीख, यातलं काहीही स्टेटसवर टाकायचं नाही. फौजींच्या घरच्यांना हेरून ओळख वाढवणारी खोटी खाती असतात, हे काही सिनेमातलं नाही. आणि ‘मी सेंटरमधून बोलतोय, मुलाला लागलंय, लगेच एवढे पैसे पाठवा’ असा फोन आला तर पैसे पाठवायचे नाहीत, फोन ठेवायचा आणि सेंटरच्या नोंदलेल्या क्रमांकावर खात्री करायची. त्याच्या आईलाही हे शनिवारी सांग. फसवणूक झालीच तर 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बेळगावला जाऊ नकोस. मला कळतं, गाडीत बसलं की काही तासांचाच तर रस्ता आहे. पण सेंटरच्या गेटवर आत बोलावणं नसताना गेलेल्या माणसाला कुणी आत सोडत नाही, आणि ‘तुझी होणारी बायको गेटवर आलीय’ असा निरोप आत गेला तर त्याची किंमत तो मोजेल, तू नाही. भेटीचे नियम त्याला विचारायचे, त्याच्या आईवडिलांबरोबरच जायचं.

जायची खरी वेळ कसम परेडची. अग्निवीरांचं सैन्यातलं प्रशिक्षण सेंटरनुसार साधारण 24 ते 31 आठवडे चालतं आणि शेवटी ही परेड होते. पोरं शपथ घेतात, आईवडिलांना बोलावतात, त्यांचा गौरव पदक देऊन सन्मान होतो. तिथे जायचं असेल तर आत्तापासून त्याच्या आईच्या कानावर घाल, म्हणजे नाव आधी देता येईल. ओळखपत्र लागेल. आणि तिथे गेल्यावर एक कर: परेड संपली की आधी आईला त्याच्याकडे जाऊ दे. तू मागे थांब. तो तुला शोधेल.

तेव्हा भेटेल तो मुलगा थोडा बदललेला असेल. मैत्रिणी अगदी चूक नाहीत. वजन उतरलेलं असेल, गाल बसलेले असतील, हिंदी शब्द मराठीत घुसलेले असतील, सुट्टीत घरी आला तरी पहाटे चारला डोळे उघडतील, आणि कुणी चप्पल इकडेतिकडे टाकली तर कपाळाला आठ्या पडतील. पहिले दोन-तीन दिवस तो नुसता झोपेल आणि तुला वाटेल, एवढी वाट पाहिली ती यासाठी? झोपू दे. बदल एवढ्यावरच थांबतो असं मी सांगणार नाही. काही मुलं जास्त समंजस होतात, काही उगाच ताठर होतात. तो यातला कुठला, हे तुला सुट्टीत समोर बसून कळेल, रविवारच्या फोनवरून कळणार नाही. आणि या महिन्यांत तूही तीच राहणार नाहीस. तुझ्यातला बदलही त्याने बघावा, अशी वेळ आण.

त्यावरून अभ्यासाकडे येते. ‘मन गुंतव म्हणजे वेळ जाईल’ असलं मी म्हणणार नाही. तुझी परीक्षा हा वेळ घालवायचा उद्योग नाही, ती तुझी नोकरी आहे. तू एक मोठी चूक करतेयस: आठवड्यातला रविवार अख्खा फोनला दिलायस, सोमवार-मंगळवार त्याच्या ‘बरंय’चा अर्थ लावण्यात जातात आणि गुरुवारपासून पुढच्या रविवारची वाट. राहिला बुधवार. रविवारी सकाळी सराव चाचणी सोडव. पूर्ण वेळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत धाकट्या कुणाच्या तरी हातात देऊन. आला तर ते हाक मारतील. चाचणी अर्धवट सोडून धावलीस तरी चालेल, पण बसून वाट बघायची नाही.

झोपेचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. फोन खोलीबाहेर ठेवून, चाचण्या सुरू करूनही दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, जेवण उतरलं नाही, कशातच मन लागेना, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर 14416 लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा, 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला’ असं मनात येईल. तरी लाव.

राहिले पप्पा. तू त्यांचं वाक्य असं लिहिलंयस की जणू ते तुझ्या प्रेमावर उठलेत. मला ते शहाणे गृहस्थ वाटले. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली तेव्हापासूनच नियम स्पष्ट आहेत: प्रशिक्षण धरून चार वर्षांची सेवा, त्या काळात अविवाहित राहायचं, आणि चार वर्षांनंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना कायम सेवेत घेणार. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 21,000 हातात, बाकीचे सेवा निधीत. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. बाहेर पडताना व्याजासह साधारण 11.71 लाखांचा सेवा निधी मिळेल, असं योजना जाहीर करताना सांगितलं होतं. निवृत्तिवेतन नाही. केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, पण तिथल्या भरतीची परीक्षा द्यावीच लागते. म्हणजे तुमच्या लग्नाच्या वेळी त्याच्या हातात एकतर कायम नोकरी असेल किंवा काही लाख रुपये आणि नव्याने सुरुवात. मुलीच्या बापाने याचा विचार करू नये तर कुणी करावा?

म्हणून त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांच्याकडून वेळ माग. ‘पप्पा, कसम परेड होऊन तो सुट्टीवर येईपर्यंत नवं स्थळ बघू नका. तो आला की दोन्ही घरं बसू, तेव्हा तुम्हाला जे विचारायचं ते त्याला समोर विचारा.’ एवढंच. बाप सहसा एवढ्याला नाही म्हणत नाही. वर्षाला 30 दिवस सुट्टी असते, त्यातली पहिली सुट्टी या बैठकीसाठी आहे असं धर. त्या बैठकीत चार वर्षांनंतर काय, हा प्रश्न तूही विचार. कायम सेवेत नाही घेतलं तर पुढे काय करायचं डोक्यात आहे? शिकणार का? माझ्या नोकरीच्या गावी यायला तयार आहेस का? आत्ता तो याची उत्तरं देऊ शकणार नाही. प्रशिक्षणातल्या मुलाला उद्या सकाळच्या पलीकडचं दिसत नाही, आणि हजार प्रश्नांनी गांगरलेल्या तुलाही फारसं दिसत नाहीये. थांबायचं की नाही, हा चार वर्षांचा निर्णय या सात महिन्यांच्या आत कुणीच घेऊ नये. ना तू, ना पप्पांनी.

आणि कुणी सुचवेल, कोर्टात सही करून टाका, कुणाला कळतंय. असलं काही करायचं नाही. सेवाकाळात लग्न केल्याचं कळलं तर नोकरी जाते, आणि कळल्याशिवाय राहत नाही. वर जाऊन सांगायला भाऊबंद असतातच.

या चार वर्षांत तू बँकेत लागलीस तर पप्पांचा निम्मा युक्तिवाद आपोआप गळून पडतो, हे तुला सांगायला नकोच. पण त्यांच्यासाठी लागू नकोस. त्याच्यासाठीही नको. समज, चार वर्षांत त्याचं किंवा तुझं मन फिरलं (फिरतं, माणसं आहेत), तर त्या दिवशी तुझ्याकडे स्वतःचा पगार असलेला बरा.

शेवटी एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते, कारण प्रत्येक पोरगी हे करते. त्याच्या वाढदिवसाला लाडू-चिवड्याचं भलंमोठं पार्सल पाठवू नकोस. बराकीत ते दहा मिनिटांत संपतं, आणि खाण्याच्या वस्तू ठेवू देत नसतील तर त्याचाच रगडा निघतो. त्याला काय लागतं ते आईला विचारायला सांग. बहुतेक उत्तर येईल: मोजे. जाड, काळे, साधे मोजे. तेच पाठव, आणि आत पत्र घाल.